फुलातलं निळं

गेल्या महिन्यात सकाळीच अक्कांच्या भाच्याचा फोन आला. "अक्का गेल्या. झोपेतच." मी "सरी, बरं" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

साठ सालच्या आसपास कानडी मुलखातल्या जयनगरात सुशीलाक्का आमच्या शेजारी राहायच्या. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं. त्या शिकल्या, मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवू लागल्या. रंगीत पातळ नेसून निघाल्या की गल्लीतल्या बायका टक लावून बघायच्या. अक्काच मग त्यांना हाक मारायच्या, "काय हो, तिंडी झाली का?" न्याहारीची चौकशी झाल्यावर कोण काय बोलणार!

बीएस्सीच्या पहिल्याच वर्षी मी रसायनात नापास झाले. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, कॉलेज बंद केलं, स्थळं बघायला घेतली. माझे रडून सुजलेले डोळे पाहून अक्कांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात नेलं. कुंपणावरची गोकर्णाची फुलं गरम पाण्यात टाकली. पाणी निळंभोर झालं. त्यात लिंबू पिळलं, तर जांभळं!

"याला अँथोसायनिन म्हणतात," त्या म्हणाल्या. "ग्रीक शब्द. अँथोस म्हणजे फूल, क्यानोस म्हणजे निळं."

"पण हे तर जांभळं झालं."

"लाल जास्वंदीतही याच जातीचा रंग असतो. नाव ठेवलं तेव्हा निळं फूल समोर होतं, म्हणून ते पडलं. पुढं लाल सापडलं, जांभळं सापडलं, नाव काही बदललं नाही." मग हसल्या. "मला नाही का, आमच्या घरी अजून 'बिचारी' म्हणतात."

तेवढ्यात अप्पा मला न्यायला दारात आले. "अक्का, नापास झाली ती. आता बास."

"अप्पा, नापास झाली ती एका परीक्षेत. तेच तिचं नाव ठेवू नका."

अप्पांनी पातेल्यातल्या जांभळ्या पाण्याकडे पाहिलं. "स्वल्प थांबतो," मग म्हणाले. "एक वर्ष."

त्या वर्षी रोज संध्याकाळी अक्कांनी मला शिकवलं. चुकले की रागवायच्या, मग गरम दोसा वाढायच्या. मी पास झाले. पुढं प्रयोगशाळेत नोकरी लागली, तेव्हा पेढे अप्पांनी आधी अक्कांकडे नेले.

परवा त्यांच्या खोलीत गेले. खिडकीपाशी चष्मा तसाच होता, एका काडीला दोरा बांधलेला. मी घालून पाहिला. नंबर माझा नव्हता, सगळं धूसर दिसत होतं... तरी काढावासा वाटेना.