किल्ल्यात राजकन्येला जागा नाही

राजकन्या या प्रकाराचा मला मनापासून तिटकारा आहे. अंगात जाळीचा गुलाबी झगा, डोक्यावर चमकीचा मुकुट, आणि दिवसभर काम काय, तर गिरक्या घेणं! शहापूरच्या आमच्या गल्लीत अजून मागाचा खडखडाट ऐकू येतो, माझी सासू या वयातही धागे जोडत बसते, आणि तिथं हे सोंग माझ्याच पोटी जन्माला यावं? धाकटी पाच वर्षांची. झगा टोचतो, मानेवर पुरळ उठतं, तरी काढणार नाही. जेवताना मुकुट, झोपताना मुकुट. ‘राजकन्या भाकरी खात न्हाईत,’ असं एकदा म्हणाली, तेव्हा ताटावरून उठवलं मी तिला. मुकुटासकट.

थोरली दहाची. गुडघे कायम फुटलेले, नखांत माती. एका आईच्या पोरी म्हणून कुणी सांगू नये. पाहुणे आले की ‘ही कुणावर गेली, ती कुणावर गेली’ याची चौकशी करत चहा गार करतात. लोकांना कामं नसतात, दुसरं काय!

दिवाळीत आमच्याकडं गल्लोगल्ली मातीचे किल्ले होतात आणि मंडळाची माणसं येऊन नंबर काढतात. थोरलीचा सगळा जीव त्या पहिल्या नंबरात. उचगावला माझ्या माहेरच्या शेतातून तिनं पोतंभर माती आणवली, भिजवलेल्या पोत्यांवर बुरूज लिंपले, हाळीव पेरून हिरवळ उगवली. धाकटी तिच्या मागं मागं, हातात तिची मुकुटवाली बाहुली.

“आक्का, माझी राजकन्या ठेव की गं किल्ल्यात.”

“किल्ल्यावर राजकन्या नसती. जा हिकडनं!”

रोज हेच. रोज रडारड. मीही थोरलीचीच बाजू घेतली. म्हटलं, काय करणार गं ती तिथं, तोफ डागणार व्हय?

नंबर काढायच्या दिवशी सकाळी बघते तर बाहुली थेट बालेकिल्ल्यावर, महाराजांच्या सिंहासनाशेजारी उभी! कुणी ठेवली ते विचारायची गरजच नव्हती. थोरलीनं हात उगारला, पण तेवढ्यात मंडळाची माणसं दारात आली.

चौघंजण, गळ्यात उपरणी. या चौघांना मी चांगली ओळखून आहे. घोषणा द्यायला गळे भारी, पण गल्लीतली गटार तुंबली की एकाचं तोंड दिसत नाही. शेजारच्या किल्ल्याच्या पायथ्याशी प्लास्टिकचा डायनासोर होता, त्याबद्दल अवाक्षर नाही. आमच्या बाहुलीपाशी मात्र चौघंही थबकले.

“किल्ला एक नंबर झालाय, बाळ,” त्यांच्यातला पुढारी थोरलीला म्हणाला. “तेवढी बाहुली काढ, पहिला नंबर तुझाच. किल्ल्यात पोरींचं काय काम?”

थोरलीचा हात लगेच बाहुलीकडं गेला. जाणारच. धाकटीनं डोक्यावरचा मुकुट दोन्ही हातांनी धरला. आता ही गळा काढणार, म्हणून मी पुढं झाले. पण नाही रडली.

“काका, महाराजांना मुली न्हवत्या काय?”

“व्हत्या की! न्हवत्या कशा?”

“मग त्या कुठं राहत व्हत्या?”

पुढारी हसला. बाकीचे तिघंही हसले, पुढारी हसला म्हणून. थोरली मात्र हसली नाही. बाहुलीला टेकलेला हात तिनं मागं घेतला आणि फ्रॉकला पुसला. इतके दिवस जिच्यावर डाफरत होती, त्या बहिणीकडं एकदा बघितलं.

“काका, त्या मुलींची नावं सांगा,” ती म्हणाली. “मग काढते बाहुली.”

एकानं उपरणं सारखं केलं, एकानं बुरूज निरखायला घेतला. पुढाऱ्याचा हात हळूच खिशातल्या मोबाइलकडं गेला.

“मोबाइल न्हाय, काका,” थोरली म्हणाली. “तोंडानं सांगायचं.”