गोजराबाई आणि बंद नळ

पौडला नळ आले तेव्हा लोकांनी पेढे वाटले. गोजराबाईनं मात्र पेढा तोंडात घातला नाही. पाण्याची टाकी गावावरच्या टेकडीवर, आणि तिचं घर नेमकं टेकडीच्या पायथ्याशी.

तशी बाई भित्री नव्हती. नवऱ्यामागं एकटीनं भातशेती केली, गोठ्यात शिरलेला बिबट्या जळत्या लाकडानं हाकलला. पण कोंडलेल्या पाण्याला ती भ्यायची. ती लहान असताना खोऱ्यात धरण झालं. धरणावरचा साहेब सांगून गेला, पाणी देवळाची पायरी चढणार नाही. बापानं विश्वास ठेवला. पावसाळ्यात पाण्यानं पायरी काय, कळसही गिळला. आईनं देवांची टोपली डोक्यावर घेतली, कोंबड्या छपरावरच राहिल्या. त्यांचं ओरडणं तिच्या कानातून कधी गेलं नाही. त्यात आदल्याच साली पानशेतचं धरण फुटलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिला तर नळाचीच धास्ती बसली.

त्या उन्हाळ्यात टाकी भरणारी विहीर आटायला लागली, तशी पाणीकमिटीनं बचतीची मोहीम काढली. नळवाला बहिरू हलगी वाजवून दवंडी द्यायचा, "नळ घट्ट बंद करा हो!" गळक्या तोट्यांना घरोघर फुकट चामड्याच्या चकत्या बसवायचा. हॉटेलवाल्यांना बजावायचा, गिऱ्हाइकानं मागितल्याबिगर पाण्याचा गिलास ठेवू नका. लोकांनी ऐकलं, आणि गोजराबाईची झोप उडाली. सगळ्यांनी नळ आवळले तर वरचं पाणी जाणार कुठं? टाकी तुंबणार, फुटणार. मग दुपारी आळी सामसूम झाली की ती चाँदभाईच्या हॉटेलाशेजारचा सरकारी नळ हळूच सोडून यायची. धार वाहत राहिली की तेवढ्यापुरता तिचा जीव खाली पडायचा.

इकडं खालच्या आळीला पाणी पुरेना. कमिटीनं चाँदभाईवर ठपका ठेवला. नळ तुमच्या दारात वाहतो, तेव्हा हॉटेलचं पाणी तोडणार. चाँदभाई शपथा घेऊन थकला. पाणी गेलं तर चहाचं दुकान कशावर चालवायचं? हे कळल्यावर गोजराबाईची पाचावर धारण बसली. गप्प राहावं तर भल्या माणसाची चूल विझते, आणि बोलावं तर नळ कायमचा बंद होतो.

सकाळी बहिरू पान्हा घेऊन हॉटेलाशी आला, तेव्हा ती आडवी उभी राहिली.

"बहिरू, त्याचं पानी तोडू नगंस. नळ मी सोडत हुते."

"तुमी? का वो मावशी?"

"टाकी फुटंल म्हून."

पाण्याला आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. बहिरू हसला नाही.

"टाकी भरली की आमी विहिरीवरचं इंजिन बंद करतुया, मावशी. पानी तुमच्या उंबऱ्याला शिवायचं न्हाई. माझा शबुद हाय."

"त्यो सायब बी असंच म्हनला हुता," गोजराबाई म्हणाली.

बायकांचं हसू जागीच विरलं. चाँदभाई खाली मान घालून उभा होता. बाईनं एकदा त्याच्याकडं, एकदा टेकडीकडं पाहिलं आणि वाहता नळ आवळला, अगदी शेवटचा थेंब थांबेपर्यंत.

चाँदभाईचं पाणी वाचलं. गोजराबाई घरी गेली, देव्हाऱ्यातले देव टोपलीत घातले आणि टोपली दाराशी ठेवली. बाई मरेपर्यंत टोपली तिथंच होती.

दारातल्या कोंबड्या तिनं त्याच दिवशी विकल्या.