तानपुरा खाणारा माइक

आधी मालतीताईंचं नाव घेतो. त्या शनिवार पेठेत शास्त्रीय गाणं शिकवतात. मी पुण्यात या कामात टिकलो तो त्यांच्यामुळे.

त्यांचा फोन आला तेव्हा दुकानात मी आणि आमचे मालक महेश सर, दोघंच होतो. ऑनलाइन व्हिडिओ करणाऱ्यांना आम्ही कॅमेरा, माइक, लाइट विकतो आणि घरी जाऊन बसवून देतो. सरांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अहो, तुमच्या माइकने माझा तानपुरा खाल्ला."

"म्हणजे काय, मॅडम?"

"म्हणजे व्हिडिओत मी दिसते, माझा आवाज येतो, तानपुरा येत नाही. परदेशातले विद्यार्थी विचारतायत, ताई, सूर कशाला धरून लावायचा? काय सांगू, अंदाजाने लावा?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते सगळं बसवून मीच आलो होतो, एकट्याने केलेलं माझं पहिलं काम. नववीत शाळा सुटली, चंद्रपूरकडचं गाव सोडून इकडे आलो, सरांनी ट्रायलवर घेतलं. ठेवायचं की नाही ते अजून ठरायचं होतं.

"जाऊन ये. माइक खराब नाहीये. मोठा माइक लागेल म्हणून सांग," सर म्हणाले. "आणि तक्रार परत आली तर मग तुझं अवघड आहे."

बसमध्ये डोक्यात एकच विचार. परत गेलो तर गावी काय सांगणार?

वायरलेस माइकला नॉइज कॅन्सलेशन नावाचं बटण असतं. पंख्यासारखा एकसारखा चालणारा आवाज ते ओळखतं आणि गाळून टाकतं. दुकानात आमचा डेमोच तो. शेजारी टेबलफॅन लावायचा, गिऱ्हाइकाच्या कानाला हेडफोन द्यायचा, बटण दाबायचं. पंखा गायब, गिऱ्हाईक खूश. मला तेवढंच शिकवलं होतं. ताईंच्या खोलीत पंखा होता, आणि कोपऱ्यात एक डबा घूं घूं करत होता. मला वाटलं इन्व्हर्टर. बटण फुलवर नेलं, दोन्ही आवाज गेले. मनात स्वतःलाच शाबासकी दिली.

ताईंनी दार उघडलं. "या. आज काय काय गायब करणार?"

मला हसू आलं नाही. त्यांनी पाणी दिलं आणि कोपऱ्यातल्या डब्याचं बटण फिरवलं. घूं थांबलं.

"हा इलेक्ट्रॉनिक तानपुरा. हाच हरवलाय."

"मी याला इन्व्हर्टर समजलो, ताई."

त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "माझ्या गुरुजींनी हे ऐकायला हवं होतं."

त्यांनी डबा पुन्हा लावला. "बसा. डोळे मिटा आणि नुसतं ऐका."

आधी नुसतं घूंच होतं. हळूहळू त्यातून वेगवेगळे सूर वर यायला लागले. मग ताईंनी सा लावला, आणि तो त्या घूंमध्ये असा मिसळला की वेगळा काढता येईना. त्यांनी डबा बंद केला आणि पुन्हा गायल्या. आवाज तोच, पण उघड्यावर एकटा उभा असल्यासारखा. मला कळलं मी काय काढून टाकलं होतं ते.

"मग काय, दुसरा माइक घेऊ?" त्यांनी विचारलं.

सरांचं 'मोठा माइक लागेल' हे वाक्य ओठावर होतं. पण ही बाई तक्रार बाजूला ठेवून मला शिकवत बसली होती.

"नको जी. माइक बरोबर आहे. चुकलं माझं."

माइकचं ते बटण बंद केलं, डबा लावून रेकॉर्ड करून ऐकलं. तानपुरा आला, पण पंखा आणि रस्त्यावरचे हॉर्नही आले. मग पंखा बंद, खिडकी बंद. उघड्या भिंतीवर आपटून आवाज घुमतो, म्हणून मागे जाड सतरंजी टांगली. पदराला लावलेला माइक गळ्याजवळ आणि तानपुऱ्यापासून लांब होता. तो काढून स्टँडवर लावला, डबा पुढे सरकवला. रिंग लाइट चष्म्यात चमकत होता, तो बाजूला, वर चढवला. कॅमेरा म्हणून त्यांचा फोनच ठेवला. गाणं शिकणाऱ्याचं चित्रावाचून फारसं अडत नाही.

खोली तापली. ताई म्हणाल्या, "आता शिकवणी घाम फुटेपर्यंतच. विद्यार्थी दुवा देतील."

दुकानात परतलो. "मोठा माइक घेतला त्यांनी?"

"नाही सर."

"मग केलंस काय इतका वेळ?"

"बटण बंद केलं."

सर काही बोलणार तोच ताईंचा फोन. पुन्हा स्पीकर.

"तानपुरा सापडला. तुमच्या दुकानातला मुलगा स्वतःहून म्हणाला, चुकलं माझं. पुण्यातल्या दुकानदाराकडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्याला काढणार असाल तर कळवा, म्हणजे पुढची खरेदी कुठे करायची ते ठरवते."

सर बराच वेळ काउंटर पुसत राहिले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. मग म्हणाले, "गाण्याबजावण्याची गिऱ्हाइकं यापुढे तू बघ."

आता कुणाकडेही गेलो की पिशवी उघडण्याआधी विचारतो, या खोलीतला कोणता आवाज तुम्हाला हवाय? लोक विचित्र नजरेने बघतात. बघू देत.

ताईंच्या फोनमध्ये पाठच पाठ आहेत. त्यांचं स्वतःचं सलग गाणं मात्र कुठेच नाही. विचारलं तर म्हणतात, "माझं कोण ऐकणार?" थंडीत पंखा लागत नाही. अशाच एका थंडीत मी माझा स्वतःचा माइक घेऊन शनिवार पेठेत जाणार, आणि ताईंचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत रेकॉर्ड करून त्यांच्या हातात देणार. तानपुऱ्यासकट.