आतोबांबरोबर सत्तर एम.एम.

मला सूड घ्यायचा होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की पोर अजाण होती, तिच्या हातून चुकून घडलं. मी सतरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. उर्से गावचे, भरपूर जमीन बाळगून असलेले. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे, कारण ते घरचे जावई. लोणावळ्याला आमच्या क्वार्टरमध्ये ते आले की पहिलं ताट त्यांचं आणि शेवटचा शब्दही त्यांचा. माझे वडील रेल्वेत गार्ड. अख्खी मालगाडी घाटातून उतरवून आणायचे, पण या माणसासमोर त्यांना "बरं, दाजी" यापलीकडे वाक्य सुचत नसे.

मला टेकडीवरच्या सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत घातलं, ती एकच गोष्ट वडिलांनी दाजींना न विचारता केली होती. आतोबा ती कधी विसरले नाहीत. वडिलांना ते काही बोलले नाहीत. त्यांनी मला 'मडम' म्हणायला सुरुवात केली.

त्यांच्या माळावर दर उन्हाळ्यात तंबूतला सिनेमा लागायचा. जागा त्यांची, म्हणून तंबूत त्यांची लोखंडी खुर्ची वेगळी. मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या आणि त्यांच्या उजेडावर चित्र दिसायचं. कांडी संपली की पडदा काळा पडे, आवाज मात्र चालू राही. मग आतोबा खुर्चीतून उठून ओरडत, "ए, कार्बन!" मागून मशीनवाल्याचा आवाज येई, "व्हय मालक, बदलतोय." चित्र परत आलं की आतोबा असे बसत, जणू ते त्यांनीच आणलं.

मी अकरा वर्षांची असताना त्या तंबूत एकदा सरकारी बातमीपट लागला. चुकून इंग्रजीतला आला होता. आतोबांनी मशीन थांबवायला लावलं आणि मला खुर्चीवर उभं केलं. जाहिरात पुकारायचा भोंगा माझ्या तोंडासमोर धरला.

"मडम, सांग समद्यांना, काय म्हनतोय त्यो."

एका धरणाची बातमी होती. मला शब्द न् शब्द कळला होता. पण धरणाचे दरवाजे, पाण्याचा दाब, हे सगळं मी इंग्रजीतच शिकले होते. ते मराठीत कसं सांगायचं, ते सुचेना. समोर एवढी माणसं, आणि मी भोंग्यापुढे तोंड उघडून नुसती उभी.

आतोबांनी भोंगा स्वतःकडे घेतला. "इंग्रजी साळा, आन तोंडात मिठाची गुळणी!"

तंबू हसला. आत्याही पदर तोंडाला लावून हसली. पुढची सहा वर्षं त्या गावात मला कुणी नावानं हाक मारली नाही.

अकरावीचा, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकचा, निकाल लागला. मार्क चांगले पडले. वडील पुण्याहून कॉलेजचा फॉर्म घेऊन आले. फॉर्म द्यायला पंधरा दिवस होते. मी तो पेन्सिलनं भरून ठेवला, फक्त वडिलांची सही राहिली. त्याच रविवारी आतोबा आले.

"पुन्याला एकली पाठवनार? शिकून काय कलेक्टर व्हनार हाय? माज्याकडं स्थळ हाय. इंग्रजी बोलनारीच पायजे त्यास्नी. झालं की मग तिच्या साळंचं सोनं."

"बरं, दाजी," वडील म्हणाले आणि फॉर्म फळीवर ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते पाहिलं. मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नसे, म्हणून कुणाला ते वेगळं वाटलं नाही.

स्थळ पुण्याचं होतं. मुलाचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी. आतोबांची आणि त्यांची कॅनॉलच्या कामात ओळख झालेली. आतोबा त्यांना साहेब म्हणत. आपण लढाईच्या काळात गोऱ्यांच्या हाताखाली मुकादम होतो, आपल्याला इंग्रजी सगळं समजतं, असं त्यांनी साहेबांना ऐकवून ठेवलं होतं. साहेबांना मुलगी समोर बसवून पोहे खायची पद्धत पसंत नव्हती. त्यांनी निरोप धाडला, कॅम्पात सत्तर एम.एम.चा इंग्रजी सिनेमा लागलाय, दुपारच्या खेळाला सगळे मिळून जाऊ, बोलणं आपोआप होईल.

वडिलांना ड्यूटी होती. मी लोणावळ्याहून निघाले, आत्या आणि आतोबा तळेगावला गाडीत चढले. आतोबांचा फेटा नवा होता. तळेगाव मागे पडल्यापासून ते माझ्याच विचारात असावेत, कारण देहूरोडच्या आत त्यांनी मला बजावलं, "हे बघ मडम, तू माज्या शेजारी बसायचं. काय म्हनत्यात त्ये हळूच कानात सांगायचं. सायबाला कळता कामा न्हाई."

"हो," मी म्हटलं.

थिएटर जुनं होतं, इंग्रजांच्या राज्यातलं. लाकडी जिना, पितळी कठडे, छतावर चुन्यात काढलेली द्राक्षं. आतला पडदा तेवढा नवा बसवलेला. त्याच्यापुढे लाल मखमलीचे पडदे ओढलेले होते. बाल्कनीत आम्ही ओळीनं बसलो: मुलगा, साहेब, आतोबा, मी, आत्या. मुलगा चष्मा पुसत होता. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि तेही चष्मा नसताना.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. शाळेनं आम्हा मोठ्या मुलींना एकदा मुंबईला असाच सिनेमा दाखवायला नेलं होतं. जाताना सिस्टरनी बजावलं होतं की या मोठ्या चित्रपटांत आधी पाच-सात मिनिटं नुसतं संगीत वाजतं. दिवे मंद होतात, मखमल बंदच राहते. तेवढा वेळ चर्चमध्ये बसल्यासारखं बसायचं, एक शब्द बोलायचा नाही. तेव्हा आम्ही बसलो होतो.

दिवे मंद झाले. मखमल हलली नाही. समोरून, बाजूंनी, पाठीमागून वाद्यं वाजायला लागली. सहा ठिकाणांहून येणारा आवाज मी दुसऱ्यांदा ऐकत होते, तरी अंगावर काटा आला.

आतोबा चुळबुळले. थोड्या वेळानं माझ्या कानाशी आले. "आवाज येतोय, चित्र कुटंय?"

त्यांनी मान वळवून मागे मशीनच्या खोलीकडे पाहिलं.

"कार्बन संपला आसंल."

मला "नाही" म्हणता आलं असतं. "हे असंच असतं, आतोबा," एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी शांतपणे विचार केला आणि म्हटलं, "असेल."

आतोबा उठून उभे राहिले. माळावर पोचायचा तोच आवाज. "ए, कार्बन! कार्बन बदल की! झोपला का काय रं?"

सगळी बाल्कनी वळली. खालूनही माणसं मान वर करून बघायला लागली. "खाली बसा हो!" कुणीतरी ओरडलं. दारावरचा माणूस टॉर्च घेऊन धावत आला.

"बाबा, बसा. मशीन चालू आहे. हे म्युझिक पिक्चरचंच आहे."

"मला शिकवतोस व्हय? माज्या सवताच्या वावरात तंबू लागतो!"

मग लोक हसले. त्या तंबूपेक्षा चौपट मोठी जागा, आणि ती सगळी हसली. टॉर्चचा उजेड फेट्यावर होता. आत्यानं मान खाली घातली. मी घातली नाही. मला एकेक चेहरा नीट बघायचा होता.

आणि तेवढ्यात मखमल सरकली. सरकली आणि सरकतच राहिली, दोन्ही भिंतींना जाऊन भिडली तरी पडदा संपेना. त्यावर समुद्र होता. तंबूतल्या पडद्यावर एका वेळी एक माणूस मावायचा. इथे समुद्राला कड नव्हती. डावीकडचं जहाज बघायला मान वळवावी लागत होती. क्षणभर मी आतोबांना विसरले. क्षणभरच. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. "काय म्हनला त्यो?"

पहिला अर्धा तास मी खरंच सांगितलं. त्यांना धीर आला. माझ्याकडून ऐकायचे आणि साहेबांकडे वळून मान डोलवायचे, "करेक, करेक," म्हणायचे. साहेब हसून पुढे बघत.

मग वादळ झालं, जहाज फुटलं. वाचलेली माणसं किनाऱ्यावर उभी होती आणि म्हातारा कप्तान कागद हातात धरून बुडालेल्यांची नावं वाचत होता. एक नाव, मग लाटेचा आवाज, मग दुसरं नाव. थिएटरात कुणी खोकतही नव्हतं.

"काय वाचतोय?"

"रात्रीच्या जेवणाचा बेत," मी म्हटलं.

कप्ताननं विसावं नाव घेतलं असेल. आतोबा साहेबांच्या गुडघ्यावर थाप मारून मोठ्यानं म्हणाले, "लय पदार्थ हायत की हो सायब! चंगळ हाय मान्सांची!"

साहेबांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग पुढे वाकून माझ्याकडे. मी पडद्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या वेळी त्यांना सगळं समजलं.

खेळ सुटल्यावर आम्ही समोरच्या इराण्याकडे चहाला बसलो. आतोबा रंगात होते. ओरडण्याबद्दल त्यांना काहीच वाटलं नव्हतं. दारावरच्या माणसाला रीत नव्हती, एवढंच त्यांचं मत. "आता बोला सायब, पोरीसंगं इंग्रजीत. मडम, बोल. लाजू नगंस. मी हाय न्हवं हितं."

साहेबांनी चहा ढवळत इंग्रजीत विचारलं, "तुला लग्न करायचंय?"

तोंडात पुन्हा मिठाची गुळणी यायची ती वेळ. पण शेजारी बसलेल्या माणसाला आपला एक शब्दही कळत नाही, ही खात्री केवढा धीर देते! मी इंग्रजीत म्हणाले, "नाही सर. मला कॉलेजला जायचंय. माझे वडील तयार होते. या गृहस्थांनी फॉर्म थांबवला. फॉर्म द्यायला आता सहाच दिवस उरलेत."

आतोबा कौतुकानं माझ्या तोंडाकडे बघत होते. "बघा! कशी टकाटक बोलतीया!"

"तुझ्या या गृहस्थांना हे मान्य आहे?" साहेबांनी विचारलं, अजून इंग्रजीतच.

मी आतोबांकडे वळले. "साहेब विचारताहेत, मी आता बोलले ते तुम्हाला मान्य आहे ना?"

शब्दाला शब्द, बरोबर भाषांतर. त्यात एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

"येस!" आतोबा टेबलावर हात आपटून म्हणाले. "येस, येस! व्हेरी गुड!"

मुलाला ठसका लागला. चहाचा कप खाली ठेवून तो रुमालात तोंड लपवून बसला. साहेब मात्र गंभीर होते. आतोबांना वाकून नमस्कार करून ते मराठीत म्हणाले, "मोकळ्या मनाचे आहात. आम्ही पत्रानं कळवतो."

गाडीत आत्यानं मला हळूच विचारलं, "एवढं काय बोललीस गं?"

"विचारलं तेच."

तीन दिवसांनी आतोबा पत्र घेऊन लोणावळ्याला आले. सोबत पेढ्यांचा पुडा आणि आत्या. पत्र इंग्रजीत होतं. साहेबांनी तेवढा मान त्यांना दिला होता. गावात ते वाचणारं कुणी नव्हतं आणि आतोबांना वाचून घ्यायची घाईही नव्हती. उत्तर त्यांना ठाऊक होतं. त्यांनी शेजारच्या दोन क्वार्टरांतली माणसं बोलावली. वडील नुकतेच ड्यूटीवरून आलेले, कोट अंगावरच.

"वाच मडम. मोठ्यानं. समद्यांस्नी ऐकू दे."

मी उभी राहिले. आधी इंग्रजीत वाचलं, मग मराठीत सांगितलं. सावकाश, थांबत थांबत, कुणाचं काही निसटू नये म्हणून.

"आपल्याकडच्या मुलीनं आपल्यासमक्ष सांगितलं की तिला लग्न करायचं नाही, शिकायचं आहे. हे तिच्या तोंडून ऐकताना आपण आनंदानं मान डोलावलीत आणि विचारल्यावर दोन वेळा स्पष्ट होकार दिलात. आपल्यासारखे समंजस वडीलधारे आता दुर्मीळ झाले आहेत. आपल्या इच्छेला मान देऊन आम्ही हा विषय इथेच थांबवतो. तिचा फॉर्म आपण वेळेत द्यालच."

आतोबांचा चेहरा मी बघत होते. आधी त्यांना वाटलं, मी बनवतेय. त्यांनी पत्र ओढून वडिलांच्या हातात दिलं. "बघ रं. आसंच लिव्हलंय का?"

वडिलांनी चष्मा लावून वाचलं. "असंच आहे, दाजी."

"आरं पन मी कवा येस म्हनलो?"

"म्हनला की," आत्या भिंतीशी बसल्या जागेवरून म्हणाली. "दोनदा न्हाई, तीनदा म्हनला. टेबलावर हात आपटला. मी हुते न्हवं तितं."

शेजारच्या काकू हसू दाबायला बाहेर गेल्या. बाहेर जाऊन मोठ्यानं हसल्या. आतोबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर वाचायला बरं दिसेल. वाटलं नाही. मला फक्त ते लवकर संपू नये असं वाटत होतं.

वडिलांनी फळीवरून फॉर्म काढला, फुंकर मारली, कोटाच्या खिशातलं पेन उघडलं आणि सही केली. दाजींना विचारलं नाही. त्यांच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं स्वतः पुण्याला जाऊन फॉर्म देऊन आले.

आईनं पेढे फिरवले. आतोबांनी घेतला नाही. मी दोन घेतले.

त्यानंतर ते थेट दिवाळीला आले. मी कॉलेजातून सुट्टीला घरी होते. ओसरीवर बसून त्यांनी बराच वेळ पायातली माती झटकली आणि शेवटी मला विचारलं, "कवा आलीस?"

मी उत्तर इंग्रजीत दिलं.