सुईचा पीळ

नजर अधू झाल्यावर मामांनी आपले सोनारकामाचे भिंग परवा माझ्या हातात ठेवले आणि लवंगेच्या तेलाचा वास असलेला जळगावचा तो दवाखाना आठवला. दाढेच्या वाकड्या मुळात फिरवायची बारीक सुई डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात धरली, तेव्हा सोबत आलेले मामा पुढे सरकले. "एवढ्या वळणात ही मोडत नाही का?" बाईंनी टाकून द्यायची एक सुई वाकवून गरम पाण्यात बुडवली, ती आपोआप सरळ झाली. "निकेल-टायटॅनियम आहे, नाना," त्या मामांना म्हणाल्या. "पण वापरून थकली की न सांगता मोडते. तुकडा मुळात अडकला तर दाढ जाऊ शकते." "सोनं असं सरळ होत नाही," म्हणत मामांनी खिशातून भिंग काढले आणि चिमट्यातली, माझ्यासाठी घेतलेली सुई हात न लावता न्याहाळली. "ताई, आठे पीळ उकलेल शे." इथे पीळ उकलला आहे, सुई थकली आहे, असे ते सांगत होते. मी आ करून पडलो होतो. बाईंनी भिंग मागून घेतले, बराच वेळ पाहिले, सुई कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि नवे पाकीट फोडले. परवा भिंग देताना मामांनी एवढेच विचारले, "ती दाढ शे का रे अजून?" मी म्हणालो, "शे."