पंखा लावणारे काका

"वारा येतो का? येतो ना? मग करा सही."

नवा पंखा लावून स्टुलावरून उतरले, की काका घरच्यांना त्याखाली बसवून हे विचारत. मग मिनिटभर स्वतःही वारा घेत उभे राहत. दिवसभरात तेवढीच त्यांची चैन.

कमी वीज खाणारे पंखे घरोघर सवलतीत द्यायची योजना होती. मी सुपरवायझर. काका खाडीकडच्या गावचे, वालीवच्या कारखान्यातून रिटायर झालेले वायरमन. बायकोच्या औषधपाण्यासाठी त्यांनी हे काम धरलं होतं.

तुम्हीही पाहिलं असेल, आपल्याकडे नवी वस्तू लगेच वापरायला काढत नाहीत. आमचं काम होतं त्या तुळिंजमध्येही नवे पंखे खोक्यासकट माळ्यावर जायचे आणि खाली जुना पंखा घरघरत वीज खात राहायचा. आमची बाकीची माणसं खोकं देऊन, सही घेऊन पुढच्या दारी जात. काका मात्र पंखा लावल्याशिवाय सही घेत नसत. साहजिकच त्यांच्या सह्या सगळ्यांत कमी.

मी वैतागायचे. "काका, नुसतं खोकं देऊन या ना! ऑफिस सह्या मोजतं."

"ताई, माळ्यावरचा पंखा कसली वीज वाचवनार? जरा पानी पिऊ द्या, मग ओरडा."

आणि ते खरंच सावकाश पाणी पीत. तोवर माझाच राग दमून जाई.

एक बाई पंखा लावूच देईनात. लेकीच्या लग्नात द्यायचा होता. काका म्हणाले, "लग्न ठरलं की मला बोलवा. उतरवून, पुसून, खोक्यात भरून देतो." बाई हसल्या. पंखा छताला लागला आणि रिकामं खोकं काकांनी माळ्यावर जपून ठेवलं.

शेवटी ऑफिसने त्यांना काढायला सांगितलं. एका बिल्डिंगच्या जिन्यातच मी त्यांना ते सांगून टाकलं. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या हातात दिलं.

"वर चौथ्या माळ्यावर एक आजी हाय. सकाळी खोकं ठेवून आलोय. तिचा पंखा कोन लावनार?"

"पाठवते कोणाला तरी."

ते कठड्याला धरून खाली उतरले. मी कोणालाच पाठवलं नाही. लाज वाटत होती, पण महिना संपत आला होता आणि सह्या कमी होत्या. चौथ्या माळ्यावर मीच चढून गेले. आजीने दार उघडलं आणि माझ्या मागे जिन्यात पाहिलं.

"पंखा लावणारे काका कधी येणार?"

"येतील," मी म्हटलं आणि सहीचा कागद तिच्यापुढे धरला.