आईंच्या हसण्याचं कलम

माझ्या सासूबाई, अनुसूयाबाई, नको तिथे हसतात. त्यांच्या आईचा देह घरातून नेत होते तेव्हा त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या. घाबरल्या किंवा आत काही तुटलं की त्यांना रडू येतच नाही, हसू फुटतं. एरवी बाई खमकी. किहीमला आमची नारळी-पोफळीची वाडी आहे, पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत, आणि सगळा कारभार त्यांच्या एकटीच्या हातात. सुरमई शिळी आहे म्हणणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी हाताला धरून चुलीशी नेलं आणि पुढची तुकडी त्यालाच तळायला लावली. तो दर वर्षी येतो.

सातव्या महिन्यात त्यांनी माझं डोहाळेजेवण घातलं आणि अर्धं गाव बोलावलं. झोपाळ्याला इतकी फुलं बांधली की मला बसायला जागा शोधावी लागली. हिरवी साडी, डोक्यावर फुलांचा मुकुट, हातात फुलांचं धनुष्य. सात महिन्यांचं पोट घेऊन मी कुणावर बाण सोडणार होते कोण जाणे.

मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. माझी तळा गावची मैत्रीण जयमाला वकील आहे, नोटरीही आहे. ती ओरडली, "काकू, माझ्यासमोर गर्भलिंगनिदान? आत टाकीन हं!" मी एक वाटी उचलली. बर्फी. जयमालाला संशय आला, तिनं दुसरी उचलली. तिथंही बर्फी! सासूबाईंना नात हवी होती, त्यांनी नशिबावर काही सोडलंच नव्हतं. बायका हसून हसून झोपाळ्याला लोंबकळल्या.

"आता सांग, काय डोहाळा आहे? मागशील ते मिळेल," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे गरोदर बाईचा डोहाळा कुणी मोडत नाही, आणि मी नेमकी याचीच वाट बघत होते.

मी आयसीयूत नर्स आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे चौथ्या महिन्यातली एक बाई आली. डोक्यात रक्तस्राव होऊन तिचा मेंदू मेला होता, छाती मशीननं हलत होती. सासरचे म्हणत, ठेवा, बाळ वाढू दे. माहेरचे म्हणत, सोडा आता तिला. डॉक्टरांनाही नियम काय ते धड सांगता येईना. मी रोज तिची वेणी घालायची आणि मनात विचारायची, बाई गं, तुला काय हवं होतं? शेवटी बाळाचे ठोके थांबले, तेव्हा भांडण थांबलं. मला अजून त्या सगळ्यांचा राग येतो.

मला दिवस गेल्यावर मी नवऱ्याशी, श्रेयसशी, या विषयावर बोलायला गेले. तो रडायलाच लागला, मग पाणीही मीच आणून दिलं. सासूबाईंनी "अभद्र बोलू नकोस" म्हणून माझ्या तोंडात मोरावळा कोंबला.

म्हणून त्या दिवशी झोपाळ्यावरून मी डोहाळा सांगितला. "माझा मेंदू मेला, तर बाळ बाहेर जगण्याइतकं वाढलेलं असेल तरच मला मशीनवर ठेवा, तेही ते निघेपर्यंत. नाहीतर सोडा आम्हा दोघांना. या खेपेला आणि पुढच्याही. आणि 'बंद करा' हे आईंनी सांगायचं. श्रेयसच्यानं होणार नाही."

जयमालानं पर्समधून कागद आणि शिक्का काढला. डोहाळेजेवणाला शिक्का घेऊन येणारी तीच एक!

"काकू, मेंदू मेल्याचं कायद्यात नीट लिहिलंय ते अवयवदानापुरतं," ती म्हणाली. "पोटात बाळ असेल तर काय, ते कुठंच नाही. पण आपली इच्छा आणि आपल्या वतीनं बोलणारं माणूस आधी लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात आणि माझ्यासारखी नोटरी. ते कितपत टिकेल याची हमी मी देत नाही. पण हिला कुणी विचारलंच नव्हतं, असं तरी होणार नाही."

सासूबाई हसायला लागल्या. आधी खुदकन, मग खांदे गदगदायला लागले, मग त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता मोरावळ्याची बरणीच येणार.

"अगो, डोहाळा म्हणजे डोहाळा," त्या दम खात म्हणाल्या. "सांगीन मी, बंद करा म्हणून. पण जयमाला, त्यात माझं एक कलम घाल. मी ते सांगत असेन तेव्हा हसत असेन. डॉक्टरांना वाटेल, सून गेली आणि थेरडीला आनंद झालाय. तर असं लिही, की सासू हसत असली तरी तिला सुनेचं दुःख नाही असं कुणी समजू नये."

जयमालानं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि माझी आणि दोन शेजारणींची सही घेऊन वर शिक्का मारला. मी मुकुट घालून झोपाळ्यावर भोकाड पसरलं. सासूबाई माझ्या पायाशी बसल्या आणि कितीतरी वेळ नुसत्या हसत राहिल्या.